उसाच्या रानात पुढचं पीक जळतंय? अळंबीचा बेड टाकायच्या आधी एवढं तपासा

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात माझी ढिंगरी अळंबीची (ऑयस्टर मशरूमची) शेड आहे. अळंबी काढून झाल्यावर उतरलेले बेड, म्हणजे बुरशीनं भरलेलं काड, शेडमागं रचून ठेवतो. ही बुरशी मातीतलं तणनाशक फोडते, असं लोकांनी ऐकलेलं असतं. वर्षातून दोनदा, जून सरता सरता आणि परत दिवाळीनंतर, फोन सुरू होतात. "दादा, तणनाशकानं रान मेलंय. एक ट्रॉली बेड द्या की." बेड द्यायला माझी ना नाही. पण निम्म्याहून जास्त वेळा तिथं बेडचं काम नसतं, आणि जिथं असतं तिथं तो चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी पडतो. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

लक्षणं

बी चांगलं उगवतं. डाळी वर येतात, हिरव्यागार असतात. पहिली खरी पानं फुटतात आणि आठ-दहा दिवसांत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात. मग त्याच कडा तव्यावर भाजल्यासारख्या तपकिरी होतात आणि रोप खालून वर वाळत जातं. शेंडा मात्र बराच वेळ हिरवा राहतो. हे ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन या तणनाशकांचं लक्षण. ही औषधं मुळातून पानात चढतात आणि उन्हावर अन्न तयार करायचं पानाचं काम बंद पाडतात. बियातली शिदोरी पुरते तोवर रोप जगतं. म्हणून उगवण बघून माणूस निर्धास्त होतो आणि पंधराव्या दिवशी कपाळाला हात लावतो.

पानं पन्हाळीसारखी दुमडलीत, देठ पिळवटलेत, शेंडा वाकडातिकडा झालाय, तर संशय २,४-डी या तणनाशकावर घ्या. त्यात माती बहुतेक वेळा निर्दोष असते. न धुतलेला पंप नाहीतर शेजारच्या रानातून आलेला वारा, या दोघांपैकी एक सापडतो.

आणि सगळ्यात बोलकं लक्षण: नुकसान सगळ्या रानात सारखं नसतं. पंप भरायची जागा, सरीची तोंडं, फवारणारा जिथं वळला ती बांधाकडची पट्टी. त्याच जागेत चुकून उगवलेला मका ठणठणीत उभा आणि शेजारचं सोयाबीन जळालेलं दिसलं, तर माझा अंदाज तिथंच पक्का होतो. मका आणि ऊस ॲट्राझीन स्वतःच्या अंगात मोडून टाकतात. सोयाबीन, काकडी, मेथी, भुईमूग यांना ते जमत नाही.

पहिली तपासणी: रिकामं पाकीट आणि तारीख

फुकटातली आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. गोठ्याच्या वळचणीला, विहिरीच्या कठड्याखाली पाकीट सापडतंच. त्यावरचं नाव वाचा आणि ते कधी मारलं ते आठवा.

तारीख का महत्त्वाची, ते सांगतो. ॲट्राझीन निम्मं व्हायला सर्वसाधारणपणे ६० दिवसांच्या आसपास लागतात, म्हणजे चार महिन्यांनी पाव हिस्सा उरतो. मेट्रिब्युझिनला साधारण ३० ते ६० दिवस. २,४-डी ला दहाएक दिवस पुरतात. हे आकडे ओल असलेल्या, जिवंत मातीचे. कोरड्या रानात सूक्ष्मजीव निजलेले असतात आणि घड्याळ थांबल्यासारखं होतं. सामूचाही, म्हणजे माती आंबट की चुनखडीची याचाही, खेळ आहे. राधानगरी, शाहूवाडीकडच्या तांबड्या आंबट मातीत ॲट्राझीन लवकर फुटतं. शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या, चुनखडीच्या रानात रेंगाळतं.

आता हिशेब लावा. आडसाली लागण जुलैत झाली, तणनाशक तेव्हाच पडलं आणि ऊस तुटला दीड वर्षानं. त्यातलं ॲट्राझीन आजचं सोयाबीन जाळणार नाही, दुसरं काहीतरी आहे. पण खोडव्यात (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या उसात) फेब्रुवारी-मार्चला मारलं, खोडवा साधला नाही म्हणून मेमध्ये मोडला, उन्हाळाभर रान कोरडं ठेवलं आणि मृग साधून सोयाबीन टोकलं, तर हिशेब बरोबर बसतो. दिवाळीनंतरचे फोन वेगळे असतात. उसाची लागण करून ॲट्राझीन मारायचं, आणि महिन्याभरात त्याच सरीत मेथी-कोथिंबिरीचं आंतरपीक टाकायचं. तिथं कारण उघडच आहे, तपासणीचीसुद्धा गरज नाही.

पाकीट ग्लायफोसेट या तणनाशकाचं निघालं तर? ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, पुढच्या पिकाच्या मुळाला सहसा लागत नाही. बेड नको.

दुसरी तपासणी: नकली रुग्ण ओळखा

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता. हिरवे-पिवळे ठिपके नव्या पानांवर विखुरलेले आणि झाड हलवलं की पांढरी माशी उडते, तर तो पिवळा मोझॅक. वरंब्यावर पांढरट पापुद्रा आणि पाणी मुरत नाही, तर खारवट जमीन. रोप उपटू नका, खुरप्यानं मातीसकट उचला आणि मूळ बघा. मूळ कुजकं, काळं असेल तर पाणी साचलंय.

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक ट्रॉली घेऊन शेडवर येतात.

तिसरी तपासणी: तीन डबे

यावर मी अडून बसतो. ही केल्याशिवाय बेड देत नाही, मग कुणी काही म्हणो.

दह्याचे तीन प्लॅस्टिकचे डबे घ्या, बुडाला दाभणानं भोकं पाडा. पहिल्यात खराब जागेची माती, वरच्या चार-पाच बोटांतली. दुसऱ्यात त्याच रानातली, पण जिथं औषध कधी पडलं नाही अशा बांधावरची. तिसऱ्यात परत खराब जागेचीच माती, पण किलोला दोन चमचे सक्रिय कोळशाची पूड मिसळून. पाणी गाळायच्या यंत्रात दाणेदार कोळसा असतो तोच, नवा आणून कुटायचा. चुलीतला लोणारी कोळसा चालत नाही, त्याच्या अंगी औषध धरून ठेवायची ताकद फार कमी. तिन्हीत दहा-दहा बिया टाका. काकडी आणि मोहरी लवकर बोलतात, तुमचं ठरलेलं सोयाबीन टाकलंत तरी चालेल.

डबे उन्हात ठेवा. हे औषध उन्हातल्या कामावरच घाव घालतं, त्यामुळं सावलीत ठेवलेल्या डब्यात काहीच कळत नाही. आणि पाणी बुडातून वाहीपर्यंत घालू नका, नाहीतर औषधच धुऊन जाईल आणि तुम्ही म्हणाल माती शुद्ध आहे. तीन आठवडे थांबा.

पहिला जळाला, बाकीचे दोन तरारले: औषधच आहे. कोळशानं ते धरून ठेवलं म्हणून तिसरा वाचला. पहिला आणि तिसरा दोन्ही गेले: बहुधा औषध नाही, किंवा इतकं जास्त आहे की घरगुती उपाय पुरणार नाही. तिन्ही गेले: बियाणं नाहीतर पाणी तपासा. तिन्ही चांगले: दोष मातीत नाही, निचरा, रोग, वारा यांत शोधा.

शिरोळकडचे एक आप्पा चार वर्षांपूर्वी माझ्यावर चांगलेच चिडले होते. "रान माझं, औषध म्याच मारलंय, आन् तू डबं करायला सांगतोयस व्हय?" शेवटी त्यांच्या सुनेनं खिडकीत डबे ठेवले. पहिला मेला आणि तिसराही मेला, दोन्हींच्या मातीवर पंधरा दिवसांत मिठासारखी पांढरी कड आली. माती तपासली तर क्षार. आप्पांना चर काढून निचरा हवा होता. अळंबीचा बेड टाकला असता तर रान होतं तसंच राहिलं असतं, आणि बदनाम अळंबी झाली असती.

चौथी तपासणी: माती किती?

बुरशीनं रान साफ होतं, हे अर्धवट ऐकून लोक एकराची स्वप्नं बघतात. हिशेब असा आहे. एक गुंठा, वीतभरापेक्षा थोडी कमी म्हणजे १५ सेंटीमीटर खोली, माती झाली साधारण २० टन. बेड कामाला यायचा तर तीन घमेली मातीला एक घमेलं तरी लागतो. म्हणजे गुंठ्याला जवळजवळ दोन ब्रास आणि, ट्रॉली एका ब्रासची धरली तर, एकराला सत्तर-ऐंशी ट्रॉल्या. माझ्या शेडचा सगळ्या वर्षाचा माल टाकला तरी एक एकर भरत नाही.

म्हणून बेड फक्त डागाच्या जागी: पंप भरायची जागा, औषध सांडलेला कोपरा, जळालेल्या चार सऱ्या. बाकी रानात ॲट्राझीन असेल तर एक हंगाम मका किंवा ज्वारी घ्या, पाचट पेटवू नका, पसरा आणि ओल टिकवा. मातीतले जिवाणू उरलेलं काम करतात. इथं हिरवळीचं खत म्हणून ताग टाकायची चूक मीही एकदा केली. ताग द्विदल, तोही जळाला.

पाचवी तपासणी: बेड जिवंत आहे का?

थोडं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल. ढिंगरी ही लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशींच्या कुळातली. काडातलं लिग्निन, म्हणजे काडाला ताठ ठेवणारा चिवट भाग, फोडायला ती लॅकेजसारखी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी असते की त्यावर चालणाऱ्या विकरांना फार चोखंदळ राहून भागत नाही. त्यामुळं ही विकरं आणि बुरशीच्या पेशीतली आणखी काही, मिळून तणनाशकाच्या रेणूचेही लचके तोडतात. याच कुळातली फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम डीडीटी आणि लिंडेन ही कीटकनाशकंसुद्धा फोडते, हे १९८५ साली प्रसिद्ध झालं आणि तिथून या विषयाला वेग आला. पण बुरशी विष खाऊन जगत नाही. ती काड खाते, विष वाटेत सापडतं. काड संपलं की तिचं काम संपलं.

आता बेड तपासा. मुठीएवढा तुकडा फोडा. आत पांढरे धागे आणि ओल्या अळंबीचा वास हवा. काळा, चिकट, आंबूस वासाचा नको. हिरवी भुकटी दिसली तर ती ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी, असा बेड बाजूला. शंका असेल तर तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत नव्यानं पांढरी लव आली पाहिजे.

बेड देणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: बेडचं पिंजर (काड) गरम पाण्यात काढलं होतं की कार्बेन्डाझिम-फॉर्मलिन या रसायनांत? आपल्याकडं दोन्ही पद्धती चालतात. मी पहिलीचाच बेड रानात द्यायचा म्हणतो. एक रसायन काढायला दुसरं कशाला न्यायचं?

सहावी तपासणी: बेड टाकला, तरी काही झालं नाही

इथं लोक हात टेकतात. कारणं मला पाठ झालीत, पहिलं माझ्याच चुकीतून.

हंगाम. पहिल्यांदा मी एप्रिलात बेड मिसळला. पारा ३८ च्या आसपास, आठवड्यात सगळं पापडासारखं वाळलं, बुरशी मेली. ढिंगरीला २० ते ३० अंश मानवतात, म्हणजे आपल्याकडं ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उघड्यावर नको. माती गच्च होते, हवा खेळत नाही आणि औषध पाण्याबरोबर खाली उतरतं. करायचंच तर पत्र्याखाली.

ओल. मिश्रण मुठीत दाबलं की लाडू व्हावा, बोटं ओलसर व्हावीत, पण पाणी ठिबकू नये. वरून ओलं गोणपाट किंवा पाचट झाका. दर चार दिवसांनी हात घालून बघा.

खुरपणी. "हलवलं की हवा लागते" म्हणून दर आठवड्याला फावडं मारणारे बरेच भेटतात. प्रत्येक फावड्याला धागे तुटतात आणि बुरशीला परत पहिल्यापासून जाळं विणावं लागतं. एकदा मिसळा, मग हात लावू नका.

युरिया. कुजायला मदत होईल म्हणून टाकतात, पण इथं उलटं होतं. अशा काही बुरशी नत्र कमी पडलं की लिग्निन फोडायची विकरं जोमानं काढतात. आणि ॲट्राझीन फोडणारे काही जिवाणू त्यातलं नत्र काढून जगतात. बाहेरून फुकटचं नत्र मिळालं तर ते ॲट्राझीनच्या वाटेला कशाला जातील?

ट्रायकोडर्मा. एरवी गुणाची, पण ढिंगरीच्या बेडची हीच वैरीण. माझ्या शेडमध्ये हिरवी बुरशी शिरली की बेड जातात. एका दादानं माझ्या बेडवरच ट्रायकोडर्माची बाटली ओतली आणि मलाच फोन केला, "पांढरं हुतं ते हिरवं झालंय, काम लागू झालं जणू." दोन्ही एका वेळी नकोत. आळवणीचं बुरशीनाशक तर अजिबातच नको.

जागा. डागाची माती मधोमध आणि बेडचा थर नुसता वर, असं केलं तर बुरशी आपल्या काडातच मजेत राहते. उघड्या मातीत ती पाहुणी आहे, तिथले जिवाणू तिला टिकू देत नाहीत. माती आणि बेड कालवूनच हवं, आणि कालवताना मूठ-दोन मूठ ओला भुसा द्या, म्हणजे शिदोरी पुरेल.

कालवताना हातमोजे घाला, नाक बांधा. बेडच्या बीजाणूंची धूळ दम्याच्या माणसाला बाधते. आणि ढिगावर अळंबी उगवली तर ती उपटून पुरा. पावसाळ्यात रानची अळंबी आणायची सवय असलेल्या आजीला हे मुद्दाम जाऊन सांगा. पाटी घेऊन येणार पहिली तीच.

सातवी तपासणी: परत तीन डबे

साठ दिवसांनी एकदा, नव्वद दिवसांनी एकदा. ढीग काळा-भुरका झाला, वास चांगला आला, म्हणजे औषध गेलं असं नाही. बुरशी ॲट्राझीनच्या फांद्या तोडते, मधलं कडं मात्र बऱ्याचदा तसंच राहतं. ते फोडायचं काम जिवाणूंचं. अर्धवट तुटलेले काही तुकडे पिकाला थोडे बाधतात आणि पाण्याबरोबर चटकन खाली जातात. म्हणून नव्वद दिवसांनंतर चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून आणखी महिनाभर ओल ठेवतो.

या टप्प्यावर एक नेहमीचा फसवा प्रकार. डब्यातली रोपं जळत नाहीत, पण सगळी फिकट पिवळी. कडा शाबूत, पिवळेपणा अख्ख्या पानावर सारखा. हे तणनाशक नाही, काडानं नत्र ओढून घेतलंय. थोडं शेणखताचं पाणी द्या, आठवड्यात हिरवी झाली तर प्रश्न मिटला.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

दाट औषध, पाणी न मिसळलेलं, सांडलं असेल तर बेड, डबे, काही करू नका. पाणी मारून धुऊ तर मुळीच नका. वर कोरडी माती टाका, ताडपत्री झाका आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) कळवा.

डागाची जागा विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ असेल तर आधी पाणी तपासून घ्या, तोवर ते पिऊ नका. पाच-सहा गुंठ्यांपेक्षा मोठा डाग असेल, काय सांडलं तेच माहीत नसेल, कोळशाच्या डब्यातही रोप मरत असेल, किंवा दोन हंगाम नीट करूनही पहिला डबा जळतच असेल, तर बुरशीचा नाद सोडा. डाग सांडपाण्याचा, कारखान्याच्या राखेचा, रंगाचा असेल तर माझ्याकडं येऊच नका, ते काम वेगळं. कुणाला फवारताना चक्कर, उलट्या, घाम सुटला असेल तर पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना.

विचारायला जागा जवळच आहेत. कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं, कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आणि ऊस व गूळ संशोधन केंद्र. साध्या माती परीक्षणात तणनाशक दिसत नाही, तिथं सामू, क्षार आणि अन्नद्रव्यंच कळतात. अवशेषाची चाचणी मागायची असेल तर तसं स्पष्ट सांगा, आणि औषधाचं नावही सांगा. नाव नसेल तर प्रयोगशाळा शोधणार काय? नमुना खराब जागेच्या पाच-सहा ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, काचेच्या स्वच्छ बरणीत भरा, उन्हात ठेवू नका आणि त्याच दिवशी पोहोचवा. खताच्या नाहीतर औषधाच्या रिकाम्या पिशवीतून नेलेला नमुना मी स्वतः परत येताना बघितलाय.